अल-ख्वारिझ्मीने बीजगणित ब्रह्मगुप्ताकडून घेतलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंक आणि शून्य भारतातून बगदादला गेले हे सगळेच मानतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात वर्गसमीकरणाची रीत लिहून ठेवली होती. बगदादच्या अल-ख्वारिझ्मीचा ग्रंथ त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, खलिफा अल-मामूनच्या काळात (८१३–८३३) लिहिला गेला. मग त्याने बीजगणितही भारताकडूनच घेतलं असं सरळ का म्हणत नाहीत, आणि ‘बीजगणिताचा जनक’ म्हणून त्याचंच नाव का घेतात?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना घोळ होणार नाही. अंकगणित गेलं आणि ज्योतिषगणित (म्हणजे ग्रहताऱ्यांचं गणित) गेलं, तेही भक्कम पुराव्यानिशी. बीजगणित गेल्याचा तसा पुरावा मात्र नाही. दोन्हीकडचे ग्रंथ शेजारी ठेवून ओळीने वाचले, तर ते गेलं नसावं असंच माझं मत बनतं. गणिताच्या इतिहासाच्या वर्गात हे सांगितलं की दोन-तीन चेहरे तरी पडतात. पण ब्रह्मगुप्ताचं मोठेपण अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथावर अवलंबून नाही, आणि खरी मौज इथूनच पुढे आहे.

जे नक्की गेलं ते आधी पाहू. अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी सिंधमधून एक शिष्टमंडळ आलं आणि त्यातल्या एका विद्वानाकडे ज्योतिषाचा एक सिद्धांतग्रंथ होता, असं अरबी लेखक सांगतात. साल कुणी ७७१ देतं, कुणी ७७३. अल-फजारी आणि याकूब इब्न तारिक यांनी त्यावरून अरबी ग्रंथ केले आणि त्या परंपरेला ‘सिंदहिंद’ असं नाव पडलं. खुद्द अल-ख्वारिझ्मीने जी ज्योतिष-कोष्टकं रचली ती याच परंपरेतली. अरबी ज्योतिषात मध्यरेषा म्हणून ‘अरीन’ नावाचं ठिकाण येतं, ते आपलं उज्जैन. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं. ते आज फक्त लॅटिन रूपात उरलं आहे आणि त्यात ही पद्धत भारतीयांची असल्याचं स्वच्छ सांगितलं आहे. ९५२ मध्ये दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी ‘हिंदी हिशेबा’वर लिहितो. पुढे अल-बिरूनी भारतीय त्रैराशिकावर स्वतंत्र पुस्तिका लिहितो. १२०२ मध्ये पिसाचा लिओनार्दो, म्हणजे फिबोनाची, हीच अंकपद्धती भारतीयांची म्हणून इटलीतल्या व्यापाऱ्यांना शिकवतो. इतकी साखळी हाताशी असताना त्याबद्दल वाद उरत नाही.

वाट फक्त सिंधमधूनच होती असंही नाही. अल-मामून बगदादला राज्य करत होता तेव्हा दख्खनमध्ये राष्ट्रकूट अमोघवर्ष गादीवर होता, आणि त्याच्याच आश्रयाखाली जैन गणिती महावीराने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अरब व्यापारी राष्ट्रकूट राजांना ‘बल्हरा’ म्हणत आणि त्यांची स्तुती करत. पुढच्या शतकात अल-मसूदी कोकणात चौलला येऊन गेला. तिथे हजारो मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे जहाजं, माणसं, पैसा सगळ्यांची ये-जा चालू होती. तरी महावीराचा एखादा प्रश्न अरबी ग्रंथात त्याच्या नावासह सापडत नाही. संपर्क होता एवढ्यावरून गणितही गेलंच असं म्हणता येत नाही.

आता वादातला ग्रंथ. ‘अल-जब्र व-ल-मुकाबला’ या नावातच दोन क्रिया आहेत: वजा असलेलं पद दुसऱ्या बाजूला मिळवून घालवायचं, आणि दोन्ही बाजूंना असलेली सजातीय पदं एकमेकांतून काढून टाकायची. या दोन क्रियांनी कुठलंही समीकरण सहांपैकी एका साच्यात बसवायचं. त्याच्या भाषेत ‘मूळ’ म्हणजे आपला क्ष आणि ‘वर्ग’ म्हणजे क्ष². वर्ग म्हणजे मुळं, वर्ग म्हणजे संख्या, मुळं म्हणजे संख्या, हे तीन साधे साचे. वर्ग आणि मुळं मिळून संख्या, वर्ग आणि संख्या मिळून मुळं, मुळं आणि संख्या मिळून वर्ग, हे तीन मिश्र. प्रत्येकाची रीत आणि मिश्र साच्यांच्या आकृत्यांसह सिद्धता. पुढे व्यापारातलं त्रैराशिक, क्षेत्रमापन, आणि मग पुस्तकाचा जवळपास अर्धा भाग वारसाहक्काचा. मृताने एकतृतीयांशापर्यंत मृत्युपत्र केलंय, बायको, मुलगे, मुली, आई असे वाटेकरी आहेत, आणि एका मुलाकडे बापाचं येणं बाकी आहे, तर कुणाला किती? इस्लामी कायद्याच्या वाटण्यांसाठी असं साधन हवंच होतं. हे सगळं शब्दांत लिहिलं आहे. ज्या भारतीय अंकांवर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिलं, ते अंकही इथे वापरलेले नाहीत.

त्याचं गाजलेलं उदाहरण घेऊ: वर्ग आणि दहा मुळं मिळून एकोणचाळीस. आपल्या शाळेच्या भाषेत क्ष² + १०क्ष = ३९. तो सांगतो: दहाचे निम्मे पाच, त्याचा वर्ग पंचवीस, त्यात एकोणचाळीस मिळवा, चौसष्ट झाले. त्याचं मूळ आठ, त्यातून पाच वजा करा, उत्तर तीन.

ब्रह्मगुप्ताचा श्लोक बघा:

वर्गचतुर्गुणितानां रूपाणां मध्यवर्गसहितानाम् ।
मूलं मध्येनोनं वर्गद्विगुणोद्धृतं मध्यः ॥

‘रूपं’ म्हणजे सुटी संख्या. तिला वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, मूळ घ्या, मधला सहगुणक वजा करा, आणि वर्गाच्या सहगुणकाच्या दुपटीने भागा. वरचं उदाहरण टाकून पाहा: ४ × ३९ = १५६, त्यात १०० मिळवले की २५६, मूळ १६, दहा गेले ६, दोनने भागून ३. लगेच पुढे तो दुसरी रीतही देतो, तिच्यात मधल्या सहगुणकाचं निम्मं घेतलेलं आहे. तिने केलं की ३९ + २५ = ६४, मूळ ८, वजा ५, उत्तर ३. अल-ख्वारिझ्मीच्या पायऱ्यांशी अंक न् अंक जुळतो!

इथे पोचलं की बहुतेक जण ‘बघा, सापडलं’ म्हणून पुस्तक मिटतात. पण अजून एक साक्षीदार बाकी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनची एक मृत्तिकापट्टी आहे, क्रमांक १३९०१, साधारण इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपासची. तिच्यावरचं पहिलंच उदाहरण: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू मिळून पाऊण. रीत: एकाचं निम्मं अर्धा, त्याचा वर्ग पाव, पाऊण मिळवून एक, त्याचं मूळ एक, त्यातून अर्धा गेला, बाजू अर्धा. पायऱ्या त्याच! जुळणं हाच पुरावा मानायचा तर ब्रह्मगुप्तानेही बॅबिलोनकडून उचललं असं म्हणावं लागेल. ते कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. वर्ग पूर्ण करायचा म्हटलं की गणितच त्या वाटेने नेतं.

परीक्षेत दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर मास्तर काही बोलत नाहीत. दोघांनी एकाच जागी एकच चमत्कारिक आकडा लिहिला, तर मात्र बाकं लांब करतात. ग्रंथ तपासताना मीही असा चमत्कारिक आकडा शोधतो. आणि तो अल-ख्वारिझ्मीच्या याच पुस्तकात आहे! क्षेत्रमापनाच्या प्रकरणात वर्तुळाच्या परिघासाठी तो तीन पर्याय देतो. पहिला, व्यासाची तीन पूर्णांक एकसप्तमांश पट. दुसरा, व्यासाच्या वर्गाला दहाने गुणून मूळ. तिसरा, ज्योतिष जाणणाऱ्यांचा म्हणून: व्यासाला ६२,८३२ ने गुणा आणि २०,००० ने भागा. दुसरा आपल्याकडे जैन ग्रंथांपासून ब्रह्मगुप्तापर्यंत सर्रास सापडतो. तिसरा सरळ आर्यभटाचा आहे:

चतुरधिकं शतमष्टगुणं द्वाषष्टिस्तथा सहस्राणाम् ।
अयुतद्वयविष्कम्भस्यासन्नो वृत्तपरिणाहः ॥

शंभर अधिक चार, त्याची आठपट, अधिक बासष्ट हजार; हा वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा आसन्न, म्हणजे जवळपासचा, परीघ. हा अपूर्णांक सोळाने संक्षेप होऊन ३९२७/१२५० होतो, आणि भास्कराचार्यांनी लीलावतीत तो तसाच दिला आहे. अल-ख्वारिझ्मीकडे मात्र आर्यभटाचे न छाटलेले वीस हजार जसेच्या तसे आहेत. स्वतंत्रपणे कुणी इथे पोचेल हे अशक्यच म्हणायचं. तेव्हा त्याच्या ‘बीजगणिता’त भारतीय सामग्री आहे का, तर हो, आहे. पण ती भूमितीच्या प्रकरणात आहे. समीकरणांच्या प्रकरणांत असा एकही ठसा मला दिसलेला नाही.

उलट तिथे दिसतात ते फरक, आणि ते मुळापर्यंत जाणारे आहेत. ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम बांधून दिले: ‘धनयोर्धनम् ऋणमृणयोः’, म्हणजे दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण. सहगुणक ऋण चालत असल्यामुळे त्याला वर्गसमीकरणाचे तीन मिश्र साचे करायची गरजच नाही. एकच साचा, एकच नियम. अल-ख्वारिझ्मीला सहा साचे करावे लागले ते याचसाठी, की त्याच्याकडे ऋण सहगुणक नाही आणि समीकरणाच्या एका बाजूला नुसतं शून्यही नाही. ज्याच्या हातात ब्रह्मगुप्ताचं अठरावं, म्हणजे बीजगणिताचं, प्रकरण आहे तो ही सोय टाकून सहापट काम का वाढवील? अरबी ग्रंथांत ऋण पदांचे नियम नीट मांडलेले दिसतात ते बाराव्या शतकात, अल-समवालकडे.

आता दुसऱ्या बाजूने बघू. क्ष² + २१ = १०क्ष या उदाहरणात अल-ख्वारिझ्मी ३ आणि ७ अशी दोन्ही उत्तरं देतो. निम्म्याचा वर्ग संख्येहून लहान असेल तर प्रश्नच अशक्य, असंही सांगतो. ब्रह्मगुप्ताच्या श्लोकात एकच मूळ येतं. आपल्याकडे दोन मुळांची चर्चा भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (११५०) रंगते, तीही माकडांच्या निमित्ताने. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतकी माकडं वनात खेळतायत, बारा टेकडीवर आहेत, तर एकूण किती? ४८ किंवा १६, दोन्ही मान्य. दुसऱ्या उदाहरणात पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला इतकी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले तर ऋण माकडं होतात, आणि असल्या उत्तरावर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून भास्कराचार्य ते सोडून देतात. गणिताने दिलेलं उत्तर व्यवहाराने नाकारायचं, हे इतक्या मोकळेपणी सांगणारा लेखक मला फार आवडतो.

लिहिण्याची पद्धतही वेगळी. भास्कराचार्यांकडे अव्यक्ताला, म्हणजे अज्ञात संख्येला, ‘या’ (यावत्तावत्), दुसऱ्याला ‘का’ (कालक), तिसऱ्याला ‘नी’ (नीलक), वर्गाला ‘व’, सुट्या संख्येला ‘रू’, आणि ऋण दाखवायला अंकावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या:

या व १ या १० रू ०
या व ० या ० रू ३९

मग वरच्या ओळीतून खालची ‘शोधायची’, म्हणजे वजा करायची. हे संक्षेपांचं बीजगणित आहे, आणि बगदादचं सगळं वाक्यांचं. दुसरीकडे अल-ख्वारिझ्मीची सिद्धता आकृतीची: क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना ५ × क्ष चे दोन आयत, कोपऱ्यात पाचाचा चौरस कमी. तो भरला की ६४ चा मोठा चौरस, बाजू ८. डेन्मार्कच्या येन्स ह्योय्रुप या संशोधकाने बॅबिलोनच्या पट्ट्या अशाच कापून-जोडून करायच्या आकृत्या म्हणून वाचून दाखवल्या. इराकमधल्या जमीन मोजणाऱ्यांची ही जुनी रीत बगदादपर्यंत टिकून राहिली असावी असं तो मानतो. मला हे पटतं. अल-ख्वारिझ्मी ज्या मातीत बसून लिहीत होता तिथलीच ही विद्या.

मग भारतीय बीजगणिताचा सगळ्यात उंच भाग कुठे आहे? तो वर्गसमीकरणात नाहीच, तो कुट्टकात आणि वर्गप्रकृतीत आहे. कुट्टक म्हणजे एकघाती समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढायची रीत, आणि वर्गप्रकृतीचा नमुना हा: ९२क्ष² + १ हा पूर्ण वर्ग होईल अशी पूर्णांक क्ष शोधा, आणि हे वर्षभरात जो करील तो गणक, असं ब्रह्मगुप्त बजावतो. त्याच्या भावना-पद्धतीने (दोन उत्तरं जोडून नवं उत्तर बनवायची रीत) क्ष = १२० मिळतं आणि वर्ग ११५१ चा. असे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारी चक्रवाल पद्धत पुढे जयदेवाने आणि भास्कराचार्यांनी पूर्णत्वाला नेली. ९२ च्या जागी ६१ घेतले तर सगळ्यात लहान क्ष २२,६१,५३,९८० येतो, तो भास्कराचार्यांनी काढून ठेवला आहे. १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्माने युरोपच्या गणित्यांना कोडी घातली त्यात हेच ६१ होते, आणि त्यांच्यापैकी कुणाला भास्कराचार्य ठाऊक नव्हते. अल-ख्वारिझ्मीच्या पुस्तकात यातलं काहीच नाही. साधा कुट्टकही नाही. ब्रह्मगुप्ताचं प्रकरण त्याच्यासमोर असतं तर त्याने सगळ्यात सोपा तेवढा श्लोक उचलला आणि प्रकरणाला ज्याच्यावरून नाव पडलं तो कुट्टकच सोडला, असं मानावं लागेल.

हा वाद जुना आहे. कोलब्रुकने १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचं इंग्रजी भाषांतर छापलं तेव्हापासून अरबांचं बीजगणित भारतीय असल्याची बाजू मांडली जाऊ लागली. १८७८ मध्ये लेऑं रोदे या फ्रेंच अभ्यासकाने ग्रंथांची तुलना करून ती खोडली, पण खोडताना अल-ख्वारिझ्मीला ग्रीकांचा शिष्य ठरवून मोकळा झाला. तेही पचत नाही. ग्रीकांचा बीजगणिती डायोफँटस, त्याचा ग्रंथ अरबीत आणला कुस्ता इब्न लूकाने, नवव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे अल-ख्वारिझ्मीनंतर. युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ मात्र त्याच दरबारात अल-हज्जाजने अरबीत आणलेला होता. तरी अल-ख्वारिझ्मीच्या सिद्धता युक्लिडच्या शैलीच्या नाहीत. तशा घालायचं काम पुढे साबित इब्न कुर्राने केलं.

‘जनक’ या पदवीबद्दल. ती त्याने स्वतः मागितलेली नाही. प्रस्तावनेत तो एवढंच म्हणतो की मामूनच्या प्रोत्साहनामुळे लोकांना नेहमी लागणाऱ्या गोष्टींचा संक्षिप्त ग्रंथ लिहितो आहे. जे आधी पसरलेलं असतं त्याचाच संक्षेप करतात. त्याच काळातल्या इब्न तुर्क नावाच्या गणित्याचा मिश्र समीकरणांवरचा काही भाग आज उपलब्ध आहे. पहिला मान आपल्या आजोबाचा, असं इब्न तुर्कचा नातू म्हणत होता आणि इजिप्तचा अबू कामिल त्याला झोडपून अल-ख्वारिझ्मीची बाजू घेत होता. म्हणजे ‘आमचा पहिला की तुमचा’ हे भांडण हजार वर्षांपूर्वीही चालूच होतं. अल-ख्वारिझ्मीचं श्रेय मी एवढंच मानतो: समीकरण सोडवणं हा ज्योतिषाचा किंवा मोजणीचा जोडधंदा न ठेवता त्याने त्याची संपूर्ण वर्गवारी असलेला स्वतंत्र विषय केला. आपल्याकडे तो बराच काळ सिद्धांतग्रंथातलं एक प्रकरण होता. त्याला ‘बीजगणित’ हे नाव आपल्याला दिसतं पृथूदकस्वामीच्या ब्रह्मगुप्तावरच्या टीकेत (भाष्यात), सुमारे ८६० मध्ये. श्रीधर आणि पद्मनाभ यांची स्वतंत्र बीजगणितं होती हे भास्कराचार्यांमुळे कळतं. ती फार विस्तृत होती म्हणून आपण संक्षेप केला असं तेही म्हणतात.

भारतीय बीजगणिताची दखल अरबीत घेणारा एक मोठा माणूस आहे, अल-बिरूनी. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतवर्णनात तो ब्रह्मगुप्ताच्या प्रकरणांची यादी देतो आणि कुट्टकाच्या प्रकरणात बीजगणित आणि तत्सम विषय आहेत असं नोंदवतो. या ग्रंथाचं भाषांतर हाती घेतलंय, पुरं झालेलं नाही, असंही तो सांगतो. बगदादमध्ये हे प्रकरण दोनशे वर्षं सर्वांना ठाऊक असतं, तर अरबी वाचकाला त्याची अशी ओळख करून द्यायची वेळ त्याच्यावर आली नसती.

संस्कृत बीजगणित फारसीत गेल्याचा सरळ दाखला मिळतो तो मुघलांकडे. फैजीने अकबरासाठी १५८७ मध्ये लीलावती फारसीत आणली, आणि अताउल्ला रशिदीने शाहजहानच्या काळात, १६३४–३५ मध्ये, भास्कराचार्यांचं बीजगणित. एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये छापलेलं त्याचं इंग्रजी रूप या फारसीवरून केलेलं होतं. लीलावतीचं जॉन टेलरने संस्कृतवरून केलेलं भाषांतर मुंबईत १८१६ मध्ये छापलं गेलं. उलट दिशेनेही वाहतूक होतीच: जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने युक्लिड अल-तूसीच्या अरबी पाठावरून संस्कृतात आणला, तो ‘रेखागणित’ नावाने.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर ब्राह्मस्फुटसिद्धांताचं अठरावं प्रकरण घ्या. सुधाकर द्विवेदींनी १९०२ मध्ये काशीहून मूळ संस्कृत ग्रंथ छापला, आणि या प्रकरणाचं इंग्रजी कोलब्रुककडे आहे. अल-ख्वारिझ्मीसाठी रोझेनचं १८३१ चं भाषांतर पुरे. सहा साच्यांतलं एकेक उदाहरण ब्रह्मगुप्ताच्या एकाच नियमाने सोडवून पाहा, आणि मग त्याचा ९२ चा प्रश्न अल-ख्वारिझ्मीच्या साधनांनी सुटतो का तेही पाहा.